जुनी फाईल, नवा भूगर्भ

भूगर्भाचे त्रिमितीय मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, की जुना प्रोजेक्ट उघडताना पडद्यावर एक छोटी चौकट येते. हा प्रोजेक्ट आधीच्या आवृत्तीतला आहे, नव्या आवृत्तीत आणल्यावर तो जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडणार नाही, तेव्हा आधी एक प्रत काढून ठेवा, अशा अर्थाचा मजकूर तीत असतो. माणूस 'होय'वर टिचकी मारतो, चहाला जातो आणि परत येईपर्यंत काम उरकलेले असते. खाणकंपन्यांत, तेलकंपन्यांत, धरण-बोगद्यांच्या सल्लागारांकडे हे इतक्यांदा होते, की त्याची गणना कारकुनीत होते. माझे म्हणणे असे, की ही कारकुनी नाही. जमिनीखालच्या खडकाविषयीचे ज्ञान गेल्या दोनशे वर्षांत कागदावरून कागदावर, कागदावरून पंचकार्डावर, कार्डावरून टेपवर आणि टेपवरून डिस्कवर हलत आले आणि दर मुक्कामाला ते थोडे नव्याने लिहिले गेले. वाटेत काय शाबूत राहिले आणि काय बदलले हे तपासले, तर निरीक्षणे बऱ्यापैकी टिकलेली दिसतात. निरीक्षणांवरून काढलेली चित्रे टिकलेली दिसत नाहीत. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये हा फरक पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे, आणि तो दिसेनासाही झाला आहे.

विल्यम स्मिथ हा कालव्यांची आणि कोळसा खाणींची मोजणी करणारा इंग्रज सर्वेक्षक. त्याने १८१५ साली इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला. पाच मैलांना एक इंच हे त्याचे प्रमाण. रेषा कोरून छापलेल्या, रंग मात्र हाताने भरलेले; प्रत्येक थराचा तळ गडद आणि पुढे फिका होत गेलेला, म्हणजे कोणता थर कोणावर बसला आहे ते रंगावरूनच कळावे. या नकाशाच्या सगळ्या प्रती सारख्या नाहीत. प्रती रंगवून बाहेर पडत असतानाच स्मिथ नवी माहिती मिळेल तशा थरांच्या सीमा दुरुस्त करत गेला, त्यामुळे कोणती प्रत आधीची आणि कोणती नंतरची हे आज अभ्यासकांना त्या दुरुस्त्यांवरून ठरवावे लागते. आवृत्त्यांचा गुंता म्हणजे काही संगणकाची देणगी नव्हे. याच स्मिथने थर ओळखले होते ते त्यांतल्या जीवाश्मांवरून, आणि पैशाची ओढाताण झाली तेव्हा तो जीवाश्मसंग्रह त्याने ब्रिटिश म्युझियमला विकला. संग्रह आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. नकाशातल्या कितीतरी सीमा पुढच्या सर्वेक्षकांनी हलवल्या. अमुक शिंपला अमुक गावाजवळच्या अमुक थरातला, ही नोंद मात्र आजही कामाला येते.

भारतात जिऑलॉजिकल सर्व्हेचे काम १८५१ साली थॉमस ओल्डहॅम कलकत्त्याला आल्यावर रुळले, आणि त्यामागे मुख्य ओढ कोळशाची होती. दख्खनच्या काळ्या कातळावरचा विल्यम ब्लॅनफर्डचा प्रबंध सर्व्हेच्या 'मेमॉयर्स'मध्ये १८६७ साली आला; तेव्हा 'दक्षिण मराठा मुलूख' म्हटल्या जाणाऱ्या प्रदेशावरचा रॉबर्ट ब्रूस फूटचा प्रबंध १८७६ साली. भारतीय सर्वेक्षणाच्या ज्या पत्रकांवर पुढे शंभर-सव्वाशे वर्षे अशा सीमा रेखाटल्या गेल्या, ती जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेली होती. एव्हरेस्टची मापे फुटांत होती आणि त्या फुटाचे मीटर किती, यावर एकमत नव्हते. परिणामी एकाच 'एव्हरेस्ट' नावाखाली पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या एका व्याख्येत सुमारे ६३,७७,२७६ मीटर, तर दुसरीत सुमारे ६३,७७,२९९ मीटर आहे. त्यात २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीची पत्रके जीपीएस वापरते त्या जागतिक आकारावर आली. जुन्या पत्रकावरचे अक्षांश-रेखांश रूपांतर न करता नव्यात टाकले, तर महाराष्ट्रात जागा शंभर मीटरांहून अधिक चुकते. सपाटीवर हे कदाचित खपून जाईल. सह्याद्रीच्या कड्यावर आडवे शंभर मीटर म्हणजे उभे कित्येक मीटर, म्हणजे लाव्हाचा दुसराच प्रवाह. जुना प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत आणताना 'निर्देशांक-पद्धती कोणती' असा प्रश्न येतो आणि अनेक जुन्या फायलींत त्याचे उत्तर नसते. ते फाईल करणाऱ्याच्या डोक्यात असायचे. मग हाताशी असेल ती पद्धत निवडली जाते. टिचकी एकच, पण तिने सगळा डोंगर सरकतो.

तेलशोधाच्या भूकंपीय नोंदींत हा इतिहास सर्वांत स्पष्ट वाचता येतो, कारण तिथे प्रत्येक पिढीची खूण फाईलच्या पोटात शिल्लक आहे. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ एक्स्प्लोरेशन जिओफिजिसिस्ट्स या संस्थेने १९७५ साली 'सेग-वाय' नावाचा साचा ठरवला आणि सुधारून वाढवून तो आजही जगभर चालतो. या फाईलचे पहिले ३,२०० बाइट साध्या मजकुरासाठी राखलेले असतात. ३,२०० च का? कारण ४० ओळी, दर ओळीत ८० अक्षरे. आणि ८० का, तर पंचकार्डाला ८० स्तंभ असत. प्रत्येक ओळ इंग्रजी 'सी' अक्षराने आणि ओळीच्या क्रमांकाने सुरू होते. कार्डे कधीच रद्दीत गेली, तरी आज शेकडो गिगाबाइटची फाईल उघडली की आधी ही चाळीस कार्डांची गड्डी समोर येते, आणि तीही मूळ साच्यानुसार आयबीएमच्या जुन्या अक्षरसंकेतात. त्या चाळीस ओळींत कोणी काय लिहावे याची सक्ती नव्हती. एखाद्या दक्ष माणसाने जहाजाचे नाव, स्फोटांमधले अंतर, निर्देशांक-पद्धती, केलेल्या प्रक्रिया असे सारे लिहून ठेवलेले असते. दुसऱ्याने छापील नमुना तसाच कोरा सोडलेला असतो, 'कंपनी' या शब्दापुढे रिकामी जागा. पुढे प्रत्येक नोंदीला २४० बाइटचे स्वतंत्र शीर्षक. प्रक्रिया झालेल्या नोंदीचा नकाशावरचा बिंदू त्यात नेमका कुठे लिहायचा, हे २००२ च्या सुधारणेत ठरले. त्याआधीची सत्तावीस वर्षे ज्याला जिथे मोकळी जागा दिसली तिथे त्याने तो लिहिला. म्हणून जुनी टेप नव्या प्रणालीत घेणारा माणूस आधी तास-दोन तास आकड्यांत बोटे घालून 'इथे पूर्व असावी, इथे उत्तर असावी' असा माग काढत बसतो. या कामाला डेटा लोड करणे म्हणतात. खरे तर ते हस्तलिखित-संशोधन आहे.

मुंबई हाय या तेलक्षेत्राचे उदाहरण घ्या. समुद्राखालची ती रचना साठच्या दशकात सोव्हिएत जहाजावरून झालेल्या सर्वेक्षणात दिसली, फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'वरून खोदलेल्या विहिरीत तेल लागले, आणि उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले. पन्नास वर्षे चालू असलेल्या अशा क्षेत्राच्या आयुष्यात सात पट्ट्यांची टेप, नऊ पट्ट्यांची टेप, काडतूस-टेप, डिस्क अशी वाहने एकामागून एक जुनी होतात. विहिरींत उपकरण सोडून घेतलेल्या मोजमापांसाठी कॅनडातल्या वेल लॉगिंग सोसायटीने १९८९ मध्ये 'लास' हा साचा काढला. तो साध्या अक्षरांत असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनीही वाचता येतो. त्यात बहुधा एक आकडा वारंवार भेटतो: -९९९.२५. अर्थ असा, की या खोलीवर मोजमाप झालेले नाही. फाईलच्या डोक्यावर तसे लिहिलेले असते. ती ओळ वाटेत गळाली किंवा नव्या प्रोग्रामने वाचली नाही, की 'मोजमाप नाही' याचे 'मोजमाप उणे हजाराच्या आसपास' असे होते आणि थराची सरासरी पाताळात जाते. एवढी ढोबळ चूक निदान लगेच पकडली जाते. कोणी एके काळी 'माहीत नाही'साठी शून्य लिहिले असेल तर ती पकडली जात नाही, कारण शून्य हे धातूच्या टक्केवारीचे अगदी संभाव्य मूल्य आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या टेपांचा लेप दमट हवेत चिकट होतो आणि त्या वाचण्याआधी मंद आचेवर भाजून घ्याव्या लागतात, हेही खरे. पण भाजलेली टेप एकदा तरी वाचता येते. अर्थ हरवलेल्या शून्याला भट्टीचा उपयोग नाही.

इथवर मी वाहनांविषयी बोललो. खरा बदल मॉडेल म्हणजे काय, या कल्पनेतच झाला. ऐंशीच्या दशकात डेटामाइन, सरपॅक, मायक्रोमाइन, व्हल्कन, जेमकॉम हे प्रोग्राम खाणींत आले तेव्हा पद्धत अशी होती: बोअरहोलांच्या रांगेवर एक उभा छेद घ्यायचा, त्यावर भूवैज्ञानिकाने धातुकाची सीमा हाताने आखायची, पुढच्या छेदावर तेच, मग शेजारच्या छेदांतल्या सीमा त्रिकोणांच्या जाळीने एकमेकींना बांधायच्या. काम महिनोन्महिने चालायचे. कंटाळवाणे होते यात वाद नाही. पण तयार होणारा पृष्ठभाग त्या माणसाच्या हाताचा होता. इथे भ्रंश आहे म्हणून रेषा तोडली, इथे थर चिमटला म्हणून ती मिटवली, हे सगळे बिंदूंच्या रूपात फाईलमध्ये जमा होते. अशी फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेली तर बिंदू आणि त्रिकोण जसेच्या तसे जात. नुकसान व्हायचे ते नावांचे. डेटामाइनच्या सारणीत स्तंभाच्या नावाला आठच अक्षरे मिळत, म्हणून खडकांची आणि स्तंभांची लघुरूपे रचली गेली आणि त्यांची किल्ली बहुधा कोणाच्या तरी वहीत राहिली. तरीही सीमा जिथे होती तिथेच राही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी हे बदलले. फ्रान्समध्ये लाजोनी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली असे मांडले, की सीमा आखायचीच कशाला? सगळ्या अवकाशात एक गणिती फल मानावे, थरांच्या संपर्कबिंदूंवर आणि त्यांच्या कलांवर ते जुळवावे आणि एका ठरावीक मूल्याचा पृष्ठभाग म्हणजे सीमा समजावी. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्च येथे रिक बीटसन आणि इतर गणितज्ञांनी 'रेडियल बेसिस फंक्शन' या जुन्या साधनाची गणिते इतकी जलद केली, की लाखो बिंदूंवर ती सोडवता येऊ लागली. त्यांचा २००१ सालचा निबंध संगणकीय चित्रणाच्या क्षेत्रातला होता. त्यातूनच खाणकामासाठी लीपफ्रॉग हे सॉफ्टवेअर निघाले, आणि ही पद्धत रुजवण्यात जुन काउअन या भूवैज्ञानिकाचा मोठा वाटा होता. आठवड्यांचे काम तासांवर आले. नवे बोअरहोल आले की सीमा आपोआप नव्याने निघू लागली. या सोयीचे मोल मी कमी लेखत नाही. पण तिच्याबरोबर फाईलचे स्वरूप पालटले. आता फाईलमध्ये मुख्य ऐवज असतो तो बोअरहोलांच्या नोंदींचा आणि काही निवडींचा: प्रभाव किती अंतरापर्यंत धरायचा, कोणत्या दिशेला थर लांबट मानायचा, त्रिकोण किती बारीक घ्यायचे, कोणता थर कोणाला छेदतो, पृष्ठभाग प्रत्येक संपर्कबिंदूला चिकटलाच पाहिजे की जवळून गेला तरी चालेल. पृष्ठभाग हा या सगळ्याचा हिशेब करून काढलेला निकाल आहे. हिशेब करणारा प्रोग्राम बदलला, की निकालही पुन्हा काढला जातो. म्हणून अशा प्रोजेक्टचे नव्या आवृत्तीत जाणे हे स्थलांतर नसते. तो फेरनिवाडा असतो, आणि पहिला निवाडा देणारा माणूस त्या वेळी दालनात हजर असेलच असे नाही.

यावर अनुभवी लोक म्हणतील, की हा बाऊ आहे. सॉफ्टवेअर कंपन्या नवी आवृत्ती बाहेर काढण्यापूर्वी जुन्या प्रोजेक्टांवर तपासून पाहतात, एकूण घनफळातला फरक नगण्य निघतो. एकूण घनफळाबाबत ते बरोबरच आहेत. बोअरहोले दाट असतात तिथे कोणतेही शहाणे गणित जवळपास तीच सीमा देणार, कारण तिला हलायला जागाच नसते. ती हलते ते बोअरहोले विरळ असलेल्या कडांवर, खोल भागात, दोन भ्रंशांच्या मधल्या पाचरीत. आणि पुढचे बोअरहोल कुठे मारायचे, बोगद्याचे तोंड कुठे घ्यायचे, हा निर्णय नेमका अशाच जागांवर होतो. सरासरीतला फरक लहान आहे हे सांगणे म्हणजे नदीची सरासरी खोली सांगून माणसाला पाण्यात उतरवणे. शिवाय आकडा छापला गेलेला असतो. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून 'जॉर्क' संहितेनुसार खनिजसाठ्याच्या आकड्याखाली जबाबदार तज्ज्ञाचे नाव लागते. कॅनडात १९९७ साली ब्रे-एक्स कंपनीचे इंडोनेशियातले सोने खोटे ठरल्यानंतर २००१ मध्ये तसाच कडक नियम आला. ब्रे-एक्समध्ये भेसळ नमुन्यांत होती, सॉफ्टवेअरचा त्यात दोष नव्हता. पण त्या घोटाळ्याने आकड्याचा माग मूळ नमुन्यापर्यंत काढता आला पाहिजे हा आग्रह पक्का केला. 'तेव्हाच्या आवृत्तीत हा आकडा निघत होता, आता थोडा वेगळा निघतो' असे उत्तर लेखापरीक्षकापुढे फार वेळ टिकत नाही.

दुसरी अडचण गणिताच्या पलीकडची आहे, आणि दख्खनमध्ये ती ठळकपणे दिसते. आपल्या सह्याद्रीतल्या लाव्हाथरांची नावे दोन परंपरांत लावली जातात. जिऑलॉजिकल सर्व्हेने पायी हिंडून, प्रवाहांचा प्रकार आणि दिसणारी लक्षणे पाहून साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड, महाबळेश्वर अशी मांडणी केली. ऐंशीच्या दशकात ब्रिटिश, अमेरिकन आणि भारतीय संशोधकांनी खडकाच्या रासायनिक पृथक्करणावरून वेगळी मांडणी केली: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर वगैरे, आणि त्यांचे कळसूबाई, लोणावळा, वाई असे तीन उपगट. डोंगर तेच, पण एका यादीतले नाव काढून तिथे दुसऱ्या यादीतले घालता येत नाही, कारण दोन्हींच्या सीमा वेगळ्या प्रश्नांना दिलेली उत्तरे आहेत. 'महाबळेश्वर' हे नाव तर दोन्हीकडे आहे, आणि सर्वांत जास्त घोटाळा त्यामुळेच व्हावा. जुन्या प्रोजेक्टमधल्या थरांच्या क्रमाला नवी नावे जोडणारा रकाना सॉफ्टवेअर खुशाल देते. तो भरला की मॉडेल तयार होते, देखणेही दिसते. मूळ नोंदीत मात्र 'या खोलीवर बोटाच्या पेरासारखे फेल्डस्पारचे लांब स्फटिक असलेला बेसाल्ट' असे लिहिलेले असेल, तर तिचा उपयोग दोन्ही परंपरांत होतो. मोठ्या स्फटिकांचे असे थर उत्तरेकडच्या घाटांत खुणेच्या दगडासारखे मानले गेले आहेत. नोंदणाऱ्याने स्फटिक न लिहिता नुसते थराचे नाव लिहिले असेल, तर ती नोंद एकाच परंपरेत अडकून पडते.

मग निरीक्षण आणि अन्वयार्थ वेगळे कसे काढणार, असा आक्षेप इथे येतो, आणि सर्व आक्षेपांत तो सर्वांत सबळ आहे. 'घट्ट बेसाल्ट' असे लिहिणारा माणूसही ठरवतोच आहे. त्याने पाहिले त्यात त्याचे शिक्षण आणि त्या दिवशीचा उजेड मिसळलेला आहे. कबूल. शुद्ध निरीक्षण नावाची वस्तू नाही. पण पायऱ्या आहेत, आणि खालच्या पायरीवर परत उतरता येते की नाही हा प्रश्न व्यवहाराचा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने तिथे वैज्ञानिक खोदकाम झाले. साताऱ्याच्या गोठणे येथील प्रायोगिक विवर २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोलीला पोहोचले, आणि सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइटी पाया लागला. या प्रकल्पातल्या बोअरहोलांचा कोअर, म्हणजे खोदताना काढलेला खडकाचा सलग दांडा, कऱ्हाडच्या प्रयोगशाळेत जपलेला आहे. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या बोअरहोलात बेसाल्ट ३३८ मीटर जाड निघाला. या आकड्यावर कोणाला शंका आली तर कोअर मागवून पाहण्याचा रस्ता असतो. मॉडेलमधल्या पृष्ठभागाला असा रस्ता नाही. तो कोणत्याही पेटीतून काढून हातात घेता येत नाही. आपल्याकडच्या हजारो विंधन विहिरींत कोअर निघतच नाही, निघतो तो नुसता चुरा. तिथे तर थरांची लिहिलेली नोंद, म्हणजे लॉग, हाच एकमेव साक्षीदार, म्हणून तो शब्दशः जपण्याची गरज दुप्पट.

जुने मॉडेल मग फेकून द्यायचे का? अजिबात नाही. मोडी कागदाचे बाळबोध लिप्यंतर करताना ऱ्हस्व-दीर्घ कुठे धरायचे हे वाचणारा ठरवतो, म्हणून लिप्यंतर छापून झाले तरी दप्तरातला रुमाल जाळत नाहीत. आणि आधीच्या संपादकाचे लिप्यंतरही टाकत नाहीत, कारण त्याने काय वाचले हेही आता इतिहासाचे साधन असते. स्वीडनमध्ये वापरलेले अणुइंधन पुरण्यासाठी फोर्समार्क येथे जागेचा अभ्यास झाला, तो साधारण याच रीतीने. लाख वर्षांच्या सुरक्षिततेचा सवाल असल्यामुळे तिथल्या एसकेबी कंपनीने भूगर्भाचे मॉडेल टप्प्याटप्प्याने केले. प्रत्येक टप्प्यापूर्वी एक तारीख ठरायची. त्या तारखेपर्यंत मध्यवर्ती कोशात जमा झालेल्या मोजमापांना कुलूप घालून तेवढ्यावरच ती आवृत्ती बेतायची, आणि तिचा अहवाल स्वतंत्र छापायचा. १.१, १.२, २.१ अशा आवृत्त्यांनी चालत अंतिम वर्णन २००८ मध्ये आले आणि सरकारची परवानगी २०२२ मध्ये मिळाली. आधीचे मॉडेल नंतरच्यात 'रूपांतरित' करण्याची घाई तिथे झाली नाही. मोजमापांवरून नवे बांधले, आणि जुन्याशी ताडून कुठे व का बदलले ते लिहिले. हे सगळ्यांना परवडत नाही, हे मान्यच. लहान खाणीला किंवा तालुक्याच्या भूजल अभ्यासाला एवढे मनुष्यबळ कुठून आणणार? पण फोर्समार्कमधला महाग भाग खोदकामाचा होता. कोणत्या तारखेच्या कोणत्या नोंदींवर हे मॉडेल उभे आहे, हे एका पानावर लिहायला खर्च येत नाही.

खुले साचे आले की प्रश्न मिटेल, असे मानणाराही एक मोठा वर्ग आहे. तेलक्षेत्रासाठी रेस्क्यूएमएल, खाणींसाठी ओपन मायनिंग फॉरमॅट असे साचे आता आहेत, आणि ते हवेतच. एका कंपनीच्या बंद फाईलवर देशाचे ज्ञान टांगून ठेवणे कधीच शहाणपणाचे नव्हते. मात्र हे साचे प्रामुख्याने निकाल वाहून नेतात, म्हणजे त्रिकोण, ठोकळे, बिंदू. भूवैज्ञानिकाने थर का तोडला हे त्यांत मावेलच असे नाही. सॉफ्टवेअरच खुले असले तर? जर्मनीतल्या आखेन येथे सुरू झालेला जेम्पाय हा प्रोग्राम पूर्ण खुला आहे, त्याची प्रत्येक ओळ वाचता येते. पण तो ज्या थिआनो या गणनसंचावर उभा होता, त्याचा विकास २०१७ मध्ये थांबल्याचे जाहीर झाले, आणि जेम्पायला पुढे पाया बदलावा लागला. जुन्या संगणकावर जुने सॉफ्टवेअर जिवंत ठेवण्याचा उपायही थोडे दिवसच चालतो. परवान्याची कळ, चालवणारा माणूस आणि यंत्र यांतले काहीतरी आधी जाते. या उपायांना माझा विरोध नाही. त्यांच्या भरवशावर मूळ नोंदी आणि निवडी लिहून ठेवण्याचे टाळू नये, एवढाच आग्रह.

नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०१८ पासून भूगर्भातल्या नोंदी राष्ट्रीय कोशात भरणे शासकीय यंत्रणांना कायद्याने बंधनकारक होत गेले, आणि तिथले देशव्यापी मॉडेल त्या नोंदींवरून वेळोवेळी नव्याने काढले जाते. भारतात हायड्रोकार्बन महासंचालनालयाचा नॅशनल डेटा रिपॉझिटरी २०१७ मध्ये आणि जिऑलॉजिकल सर्व्हेच्या पुढाकाराने उभा राहिलेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक विदा कोश डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. तेव्हा या कोशांत अहवाल आणि मॉडेले भरणाऱ्यांना, आणि महाराष्ट्रात खनिकर्म व भूजलाची जुनी दप्तरे संगणकावर चढवणाऱ्यांनाही, विनंती अशी: मॉडेलबरोबर बोअरहोलांचे मूळ लॉग साध्या मजकुराच्या फाईलमध्ये द्या, लघुरूपांची किल्ली द्या, निर्देशांक-पद्धती आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती शब्दांत लिहा, आणि जुना पृष्ठभाग त्याच्या तारखेसह शेजारी राहू द्या. नव्या आवृत्तीच्या चौकटीत 'होय' म्हणण्याआधी हे काम एका दुपारचे आहे. नंतर ते करू शकणारा माणूस बहुधा निवृत्त झालेला असतो.